रंगहीन वायूचा रंग

हायड्रोजन हा रंगहीन, गंधहीन, चवहीन आणि हवेपेक्षा हलका वायू आहे. मराठी शाळेत शिकलेल्या माणसाला झोपेतून उठवून विचारले तरी तो हे वाक्य घडाघडा म्हणून दाखवील. ज्यांच्या स्मरणार्थ आजचे व्याख्यान होत आहे ते मास्तरही फळ्यावर हेच वाक्य लिहीत. मात्र लिहून झाल्यावर ‘रंगहीन’ या शब्दाखाली रेघ ओढून ते वर्गाला विचारत, “रंगहीन खरा, पण कोणाच्या डोळ्यांना?” वर्ग गप्प बसे. प्रस्तुत वक्ता त्या गप्प बसणाऱ्यांतलाच एक. उत्तर द्यायचे राहून गेले. ते आज मास्तरांच्या पश्चात, त्यांच्याच नावाच्या व्यासपीठावरून देण्याचा हा प्रयत्न.

उत्तर थोडक्यात असे. हायड्रोजनच्या एकट्या रेणूला अवरक्त प्रकाशात जवळपास काहीच रंग नाही. पण दोन रेणू एकमेकांवर आदळतात, तेव्हा त्या टकरीपुरता, म्हणजे एका सेकंदाचे दहा लाख कोटी भाग केले तर त्यांतल्या एखाद्या भागापुरता, त्या जोडीला रंग येतो. टक्कर संपली, रेणू आपापल्या वाटेने गेले, की रंगही गेला. गुरू किती ऊबदार आहे, शनीवर हेलियम किती आहे, शनीचा चंद्र टायटन याचा पृष्ठभाग किती थंड आहे आणि म्हाताऱ्या ताऱ्यांना निळसर छटा का येते, या सगळ्या प्रश्नांची उत्तरे या क्षणभंगुर रंगावर अवलंबून आहेत.

ही गोष्ट कोणाला फार दूरची वाटत असेल तर तिचा डोळ्यांना दिसणारा एक चुलतभाऊ आहे. ऑक्सिजनही पाठ्यपुस्तकात रंगहीनच असतो. दवाखान्यातल्या सिलिंडरमधून येणाऱ्या ऑक्सिजनला कोणी निळा म्हणत नाही. तोच ऑक्सिजन उणे १८३ अंश सेल्सिअसला द्रवरूप करून काचेच्या थर्मासमध्ये ओतला तर फिकट आकाशी दिसतो. आकाशाच्या निळाईशी त्या निळेपणाचा काही संबंध नाही. द्रवात रेणू एकमेकांना खेटून असतात आणि शेजारचे दोन रेणू मिळून तांबड्या प्रकाशाचा एकच कण वाटून खातात. तांबडा गेला की उरते ती निळी छटा. एकट्या रेणूला तो घास गिळणे जवळपास अशक्य असते.

या जोडीच्या भुकेची पहिली पक्की नोंद ज्यांनी केली ते फ्रेंच शास्त्रज्ञ ज्यूल जान्सेन भारतात येऊन गेले होते. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणासाठी त्यांनी आंध्रातल्या गुंटूरला दुर्बीण लावली. सूर्याच्या कडेवरून उसळणाऱ्या ज्वाला म्हणजे मुख्यतः तापलेला हायड्रोजन, हे त्यांना वर्णपटातल्या तेजस्वी रेषांवरून कळले. त्या रेषा इतक्या ठळक होत्या की दुसऱ्या दिवशी ग्रहण नसतानाही त्यांनी त्या पाहून दाखवल्या. इथे एक विषयांतर करायलाच हवे. नॉर्मन लॉकियर यांनी १८६८ मध्ये विजयदुर्गाच्या तटावरून हेलियम शोधला, असे कोकणात अभिमानाने सांगतात आणि तिथले ‘साहेबाचे ओटे’ दाखवतात. त्या वर्षी लॉकियर इंग्लंडातच होते. ते विजयदुर्गला आले ते जानेवारी १८९८ च्या ग्रहणाला. ओटे खरे, साहेबही खरा, फक्त सालात तीस वर्षांची गल्लत आहे. लॉकियर यांचा हेलियम या गोष्टीत पुढे पुन्हा भेटणार आहे.

जान्सेन पुढे पॅरिसजवळच्या म्यूदों वेधशाळेत रमले. लांबलचक नळ्यांत दाबाखाली ऑक्सिजन भरून त्यातून प्रकाश सोडायचा आणि पलीकडे काय शिल्लक राहते ते पाहायचे, असा त्यांचा उद्योग. १८८५ मध्ये त्यांनी जे जाहीर केले ते चमत्कारिक होते. ऑक्सिजनच्या वर्णपटात काही काळ्या रेषा बारीक आणि रेखीव होत्या. नळीत जितका वायू, तितक्या त्या गडद. पण काही पट्टे धूसर, पसरट होते आणि त्यांचा हिशेब वेगळा होता. वायूची घनता दुप्पट केली की ते चौपट गडद होत, तिप्पट केली की नऊपट. शोषण घनतेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत होते.

वर्ग का? दादर स्टेशनच्या पुलावर याचे उत्तर मिळते. पुलावरची माणसे दुप्पट झाली की खांद्याला खांदा लागण्याचे प्रसंग दुप्पट होत नाहीत, चौपट होतात; कारण धक्का खाणारेही दुप्पट आणि देणारेही दुप्पट. शोषण घनतेच्या वर्गाने वाढत असेल तर ते एकेकट्या रेणूचे काम नव्हे, दोघांच्या भेटीचे काम आहे. वर्ग ही त्या भेटीची सही आहे. जान्सेन यांच्या काळी रेणूंचे अस्तित्वच अनेकांना मान्य नव्हते, त्यामुळे या सहीचा अर्थ लागायला साठ-पासष्ट वर्षे गेली.

आता हायड्रोजन एकटा असताना गप्प का, ते पाहू. प्रकाश म्हणजे झपाट्याने दिशा बदलणारे विद्युत क्षेत्र. त्याला रेणू हलवायचा तर रेणूला धरायला मूठ हवी. ती मूठ म्हणजे विद्युतभाराची विषम वाटणी: एका टोकाला थोडा धन, दुसऱ्या टोकाला थोडा ऋण. शास्त्रीय परिभाषेत द्विध्रुव. पाण्याच्या रेणूला अशी चांगली भक्कम मूठ आहे. हायड्रोजनच्या रेणूत दोन्ही अणू अगदी सारखे. इलेक्ट्रॉनांच्या रस्सीखेचीत कोणीच कोणाला ओढू शकत नाही, दोरी मध्यावर ठाम. रेणू फिरला, ताणला, आखडला तरी बरोबरी सुटत नाही. कार्बन डायऑक्साइडही तसा सरळ आणि सममित रेणू, पण तो मधोमध वाकतो आणि वाकला की त्याला तात्पुरती मूठ फुटते. वसुंधरेच्या तापमानवाढीची सगळी कथा त्या वाकण्यात आहे. हायड्रोजनला वाकायचे म्हटले तरी तिसरा अणूच नाही.

१८५९ पासून लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये जॉन टिंडल यांनी वायू नळीत भरून त्यातून उष्णता किती पार जाते ते मोजले, तेव्हा हेच दिसले. पाण्याची वाफ आणि कार्बन डायऑक्साइड उष्णता अडवतात. ऑक्सिजन, नायट्रोजन, हायड्रोजन तिला बिनदिक्कत जाऊ देतात. सामान्य दाबाच्या नळीत दुसरे काही दिसणेही शक्य नव्हते.

हायड्रोजनची कंपने आणि गिरक्या पाहायचा दुसरा दरवाजा कलकत्त्यात उघडला. १९२८ मध्ये चंद्रशेखर वेंकट रामन यांनी दाखवलेल्या परिणामात रेणूला आधीपासून मूठ असावी लागत नाही. त्याचा इलेक्ट्रॉनांचा ढग प्रकाशाने किती सहज ओढला जातो, याला तिथे महत्त्व असते. हायड्रोजनचा ढगही असा ओढला जातो. पुढच्याच वर्षी टोरांटो विद्यापीठात मॅक्लेनन आणि मॅक्लिऑड यांनी द्रव हायड्रोजनवर रामन परिणाम पाहिला आणि रेणूच्या गिरक्यांची मापे हाती आली. टोरांटो हे नाव लक्षात ठेवावे. वीस वर्षांनी अवरक्ताचा बंद दरवाजा उघडला तोही तिथेच.

१९४९ मध्ये क्रॉफर्ड, वेल्श आणि लॉक या तिघांनी टोरांटोत दाबाखालच्या ऑक्सिजन आणि नायट्रोजनमधून अवरक्त प्रकाश सोडला आणि जिथे शोषण असायला नको तिथे ते सापडले. त्याच वर्षी त्यांनी हायड्रोजनचाही निकाल छापला. २.४ मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे हायड्रोजनचा रेणू ज्या लयीत ताणतो-आखडतो बरोबर त्या जागी, एक रुंद पट्टा शोषला जात होता. आणि तो घनतेच्या वर्गाने वाढत होता. जान्सेन यांची सही पुन्हा उमटली होती.

टकरीत घडते काय? हायड्रोजनचा इलेक्ट्रॉन-ढग गोल नसून किंचित लांबट असतो. दोन्ही टोकांना धनभाराचा भास, मधल्या कमरेला ऋणाचा. एकूण बेरीज शून्य, द्विध्रुवही शून्य, तरी अगदी जवळ गेल्यास या विषम वाटणीचे दुबळे क्षेत्र जाणवते. अंतराच्या चौथ्या घाताने ते ओसरते. दुसरा रेणू तीन-साडेतीन अँगस्ट्रॉमवर आला की या क्षेत्राने त्याचा ढग एका बाजूला सरकतो आणि मूठ तयार होते. रेणू आणखी जवळ रेटले गेले तर दोघांचे इलेक्ट्रॉन एकमेकांच्या अंगणात शिरू पाहतात, क्वांटमचे नियम त्यांना ढकलून बाहेर काढतात आणि त्या ढकलाढकलीतही ढग वेडेवाकडे होतात. दोन सारखे रेणू भेटूनही बरोबरी सुटते, कारण लांबट वस्तू क्वचितच आरशातल्या प्रतिबिंबासारख्या समोरासमोर येतात. एक आडवा असतो, दुसरा उभा. हेलियमचे अणू मात्र गोल. दोन हेलियम भेटले तर पुन्हा रस्सीखेच बरोबरीत, शोषण नाही. हेलियम आणि हायड्रोजन भेटले की विजोड जोडपे, आणि शोषण आहे.

एका हाताने टाळी वाजत नाही, ही म्हण इथे जवळपास भौतिकीचा नियम म्हणून चालेल. फक्त ही टाळी फार हलकी असते. टकरीत मिळणारा द्विध्रुव पाण्याच्या रेणूच्या शंभराव्या हिश्श्याहूनही कमी. मग ती ऐकू येते कशी? संख्येच्या जोरावर. आपल्या नेहमीच्या तापमानाला आणि दाबाला हायड्रोजनचा एकेक रेणू सेकंदाला हजार कोटींहून अधिक टकरा घेतो. टाळ्यांचा आवाज बारीक, पण कडकडाट अखंड.

हिशेबाची आणखी एक गंमत आहे. प्रकाशाचा कण गिळला की त्याची ऊर्जा कुठेतरी ठेवावी लागते. जोडीला त्यासाठी सोयी भरपूर. एक रेणू कंप पावू लागेल किंवा जोरात फिरू लागेल. कधी एकाच कणाच्या ऊर्जेवर एक रेणू कंप पावतो आणि दुसरा गिरकी घेतो. आणि यातले काहीच न घडता दोघे आले त्याहून जास्त वेगाने एकमेकांपासून दूर उडतील, हेही चालते. नेहमीच्या वर्णपटशास्त्रात रेणू आपल्या आतल्या हालचालींची ओळख देतो. इथे दोन रेणूंमधले अंतरही वर्णपटात येऊन बसते.

ओळख मात्र अस्पष्ट. हायड्रोजनचे रेणू एकमेकांकडे सेकंदाला सुमारे अडीच किलोमीटरच्या सापेक्ष वेगाने येतात आणि तीन अँगस्ट्रॉमच्या आसपासचा टप्पा ओलांडून निघून जातात. तेवढ्या वेळात १७ मायक्रॉनच्या प्रकाशाची जेमतेम दोन आंदोलने होतात. तंबोऱ्याची तार छेडून लगेच तिच्यावर बोट ठेवले तर सूर ऐकू येत नाही, नुसता ‘टक्’ ऐकू येतो. आणि त्या ‘टक्’मध्ये पंचम की षड्ज हे कोणालाही सांगता येत नाही. टकरीतल्या शोषणाचे पट्टे म्हणूनच रुंद आणि धूसर असतात. खगोलशास्त्रज्ञांना बारीक रेषा आवडतात. त्यावरून मूलद्रव्य ओळखणे सोपे. हे पसरट, टेकड्यांसारखे पट्टे अनेक वर्षे कोणाच्या डोळ्यात भरले नाहीत, यात त्यांचा तरी काय दोष?

पण आकाशाने एक पट्टा आपण होऊन दाखवला. जेरार्ड कायपर यांना १९४० च्या दशकाच्या अखेरीस युरेनस (आपल्या पंचांगातला हर्षल) आणि नेपच्यून यांच्या वर्णपटात ८२७० अँगस्ट्रॉमवर, म्हणजे डोळ्यांना दिसणाऱ्या तांबड्याच्या किंचित पलीकडे, एक धूसर खाच दिसली. कोणत्याच ओळखीच्या वायूशी ती जुळेना. गेर्हार्ड हर्झबर्ग यांनी ती ओळखली. पत्नी ज्यू असल्यामुळे हिटलरच्या जर्मनीतून १९३५ मध्ये बाहेर पडावे लागलेला हा माणूस कॅनडात स्थिरावला होता. त्यांनी हायड्रोजन ७८ केल्व्हिनपर्यंत थंड केला, त्यावर १०० वातावरणांचा दाब दिला आणि त्यातून ८० मीटरचा प्रवास प्रकाशाला करायला लावला. हुबेहूब तीच खाच, त्याच जागी. १९५२ मध्ये छापलेल्या या निकालाने बाहेरच्या ग्रहांवर रेणूरूप हायड्रोजन असल्याचा पहिला थेट वर्णपटीय पुरावा दिला. हर्झबर्ग यांना पुढे १९७१ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

त्या आधी या ग्रहांवर काय आहे याविषयी काहीच माहिती नव्हती असे नाही. मिथेन दिसला होता, गुरूवर अमोनिया दिसला होता. म्हणजे शिरा वाढला आहे हे वेलची-बेदाण्यांवरून कळत होते, रवा दिसत नव्हता. गुरूची घनता इतकी कमी की तो मुख्यतः हायड्रोजनचाच असणार, असा तर्क पक्का होता. तरी तर्क तो तर्क. आणि तो सिद्ध झाला जवळच्या, झगझगीत गुरूवर नव्हे, तर सूर्यापासून तीनशे कोटी किलोमीटरच्या आसपास असलेल्या मंद युरेनसवर. तिथली हवा ढगांच्या वर खोलवर निवळ आहे. प्रकाश दाट थरापर्यंत उतरून परत येतो, आणि घनतेच्या वर्गाला दाट थरच लागतो.

१९६० च्या दशकात लॉरेन्स ट्रॅफ्टन यांनी प्रश्न उलटा धरला. सूर्याचा प्रकाश कुठे शोषला जातो ते राहू द्या. ग्रहाची स्वतःची उष्णता बाहेर कशी पडते? गुरूचे वरचे थर शंभर-दीडशे केल्व्हिनच्या घरात. एवढ्या थंड वस्तूची उष्णता दहा ते शंभर मायक्रॉनच्या दूरच्या अवरक्तात बाहेर पडते, आणि हायड्रोजनच्या टकरींचे पसरट पट्टे नेमके तिथेच आहेत. ट्रॅफ्टन यांच्या गणिताने दाखवले की गुरूवरची खरी गोधडी अमोनियाची वा मिथेनची नाही, मुख्यतः हायड्रोजनचीच आहे. विश्वातल्या सर्वांत ‘पारदर्शक’ वायूने सूर्यमालेतल्या सर्वांत मोठ्या ग्रहाला पांघरूण घातले आहे. गुरू सूर्याकडून जितकी ऊर्जा शोषतो त्याहून जास्त बाहेर टाकतो: व्हॉयेजरच्या मोजणीत सुमारे १.७ पट, कॅसिनीच्या नोंदींवरून २०१८ मध्ये काढलेल्या आकड्यात सुमारे २.१ पट. जन्माच्या वेळची ती ऊब साडेचार अब्ज वर्षे टिकली कशी, याचा हिशेब मांडताना या गोधडीची जाडी धरावीच लागते.

घनतेच्या वर्गाचा आणखी एक परिणाम आहे, आणि प्रस्तुत वक्त्याच्या मते तो सगळ्यांत सुंदर. पृथ्वी, टायटन, गुरू, शनी, युरेनस, नेपच्यून या एकमेकांशी काडीचे साम्य नसलेल्या जगांत वर जाताना हवा थंड होत जाते आणि एका उंचीनंतर पुन्हा तापू लागते. हे वळण सगळीकडे पृथ्वीवरच्या दाबाच्या सुमारे एक दशांश दाबाला येते. २०१४ मध्ये रॉबिन्सन आणि कॅटलिंग यांनी याचे कारण मांडले: दाब वाढला की उष्णता अडवण्याची शक्ती साधारण दाबाच्या वर्गाने वाढते, मग हवा कोणतीही असो. वर्ग फार झटपट वाढतो, त्यामुळे पारदर्शक आणि अपारदर्शक यांची सीमा सगळीकडे जवळपास एकाच दाबावर पडते. महाकाय ग्रहांवर हा वर्ग येतो तो टकरींमधून.

१९७९ मध्ये दोन्ही व्हॉयेजर याने गुरूजवळून गेली तेव्हा त्यांच्यावर अवरक्त वर्णपटमापक होता. त्याने टिपलेल्या आलेखात २८ आणि १७ मायक्रॉनच्या आसपास दोन रुंद दऱ्या होत्या. या दोन दऱ्यांमागे हायड्रोजनच्या दोन जाती आहेत. रेणूतल्या दोन प्रोटॉनांची फिरकी एका दिशेने असेल तर तो ऑर्थो, विरुद्ध असेल तर पॅरा. २८ मायक्रॉनची दरी पॅराची, १७ ची ऑर्थोची. घरगुती तापमानाला ऑर्थो-पॅराचे प्रमाण तीनास एक. थंडीत पॅरा वाढत जातो, पण फार सावकाश. एका जातीतून दुसरीत जाणे रेणूला इतके जड जाते की खालून वर आलेला वायू खालच्या उबेचे प्रमाण बराच काळ घेऊन फिरतो. परगावी गेलेल्या माणसाच्या बोलीवरून गाव ओळखावे, तसे या दोन दऱ्यांच्या खोलीवरून गुरूवर वायू कुठे वर उठतो आहे हे ताडता येते. विषुववृत्ताजवळ तो वर उठत असल्याची खूण व्हॉयेजरला अशीच मिळाली.

आणि आता हेलियम. थंड हेलियमला अवरक्तात स्वतःचा आवाज नाही, पण तो हायड्रोजनवर आपटला की पट्ट्यांचा आकार थोडा बदलतो. त्या बदलावरून, रेडिओ लहरींनी मोजलेल्या तापमानाची जोड देऊन, व्हॉयेजरच्या शास्त्रज्ञांनी गुरूच्या हवेत वजनाने सुमारे १८ टक्के हेलियम असल्याचे काढले. शनीवर मिळाला अवघा ६ टक्के. शनीवरचा हेलियम थेंब होऊन आत पडत असावा, या कल्पनेला यामुळे मोठे बळ मिळाले.

७ डिसेंबर १९९५ रोजी गॅलिलिओ यानाची कुपी प्रत्यक्ष गुरूच्या हवेत उतरली आणि सुमारे तासभर नोंदी पाठवून नष्ट झाली. तिने हेलियम थेट मोजला: वजनाने सुमारे २३.४ टक्के. म्हणजे व्हॉयेजरचा १८ टक्के कमी पडला होता. संशयाची सुई टकरींच्या गणितापेक्षा रेडिओ-मापनातल्या तापमानाकडे वळली, पण शनीचा आकडा त्याच पद्धतीचा असल्याने तोही डळमळला. २००० मध्ये कॉनरॅथ आणि गोतिए यांनी जुन्या नोंदी नव्याने तपासून शनीसाठी १८ ते २५ टक्के असा पल्ला दिला. सहावरून एकदम अठरा ते पंचवीस! विज्ञानाची ही नामुष्की नव्हे. त्याच शास्त्रज्ञांनी आपला जुना आकडा मोडून नवा मांडला, हे कौतुकाने सांगायला हवे. आपल्याकडे पहिला आकडा चुकला की माणसे सहसा दुसरा काढत नाहीत.

शनीचा चंद्र टायटन याचे प्रकरण वेगळ्या धाटणीचे आहे. तिथली हवा मुख्यतः नायट्रोजनची, पृथ्वीहून दीडपट दाबाची. हायड्रोजन हजारात एक भाग. पण नायट्रोजन आणि मिथेन यांच्या टकरी उष्णतेची जी खिडकी उघडी ठेवतात ती हायड्रोजन-नायट्रोजन टकरी बंद करतात. मके, पोलॅक आणि कोर्तां यांनी १९९१ मध्ये मांडलेला ताळेबंद असा: हरितगृह परिणामाने २१ केल्व्हिनची वाढ, वरच्या धुक्याने ९ ची घट. १४ जानेवारी २००५ रोजी हायगेन्स कुपी उतरली तेव्हा तिथे सुमारे ९४ केल्व्हिन तापमान होते.

हायड्रोजन-नायट्रोजनची अशीच जोडी आपल्या बाल्यावस्थेतल्या पृथ्वीला उबदार ठेवत असावी, असे वर्ड्सवर्थ आणि पियरहम्बर्ट यांनी २०१३ मध्ये सुचवले. तेव्हा सूर्य आजच्यापेक्षा पाव हिश्श्याने मंद होता, तरी पाणी गोठलेले नव्हते. प्राचीन मंगळासाठी हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड यांच्या टकरींची कल्पना मांडली गेली आहे. दोन्ही कल्पनाच आहेत. त्या काळची हवा कोणी बाटलीत भरून ठेवलेली नाही.

ताऱ्यांमध्ये टकरींचा रंग उलटे रूप घेतो. सूर्यासारखे तारे मेल्यावर उरणारे श्वेत बटू अब्जावधी वर्षे थंड होत राहतात. थंड होणारी वस्तू लाल होत जाते, हे लोहाराच्या भट्टीजवळ उभा राहिलेला कोणीही सांगेल. हायड्रोजनचे वातावरण असलेले श्वेत बटू चार-पाच हजार केल्व्हिनच्या खाली आले की तिथे अणू जोडीने रेणू बनतात, दाट वातावरणात त्यांच्या टकरी होतात आणि अवरक्ताचा रस्ताच बंद होतो. अडलेली ऊर्जा मग दृश्य प्रकाशातून वाट काढते आणि तारा थंड होता होता निळसर दिसू लागतो. कृत्तिकांच्या दिशेला, पण त्यांच्यापेक्षा खूप अलीकडे असा एक श्वेत बटू आहे. २००० मध्ये त्याचा वर्णपट घेतला तेव्हा अवरक्त भागात प्रकाश अपेक्षेपेक्षा कितीतरी कमी निघाला. आकाशगंगेतल्या सर्वांत जुन्या ताऱ्यांचे वय अशा श्वेत बटूंवरून काढतात. रंगाचा अर्थ चुकला तर वयही चुकते.

चार हजार केल्व्हिनचा दाट रेणूरूप हायड्रोजन प्रयोगशाळेत नळीत भरून ठेवता येत नाही. त्या तापमानाला नळी टिकत नाही आणि रेणूही फुटू लागतात. त्यामुळे इथे गणिताशिवाय इलाज नाही. मूळ सिद्धांत यान व्हान क्रानेन्डोंक यांनी १९५० च्या दशकात रचला. पुढे टेक्सास विद्यापीठात लोथार फ्रॉमहोल्ड आणि अलेक्झांड्रा बोरिसोव यांनी रेणूंच्या जोडीचे क्वांटम गणित करून तक्ते तयार केले; फ्रॉमहोल्ड यांचा या विषयावरचा ग्रंथ केंब्रिजने छापला. जेम्स वेब दुर्बिणीतून दूरच्या एखाद्या ग्रहाची हायड्रोजनची हवा तपासणारा आजचा विद्यार्थी तयार माहितीसंचातून हे आकडे उचलतो. त्यांच्या मुळाशी दोन रेणू, चार प्रोटॉन आणि चार इलेक्ट्रॉन यांचा हिशेब आहे.

शनी, युरेनस आणि नेपच्यून यांच्या हवेत हेलियम मोजणारी कुपी आजवर उतरलेली नाही. युरेनससाठी कक्षेत फिरणारे यान आणि सोबत एक कुपी पाठवावी, अशी शिफारस अमेरिकी शास्त्रज्ञांच्या दशकीय अहवालाने २०२२ मध्ये सर्वांत वरच्या क्रमांकावर ठेवली. आजपर्यंत त्या ग्रहाजवळून एकच यान गेले आहे, व्हॉयेजर २, तेही २४ जानेवारी १९८६ रोजी, एकदाच. युरेनसच्या हवेत वजनाने सुमारे २६ टक्के हेलियम आहे, पाच टक्के इकडेतिकडे, असे पुस्तकांत छापलेले असते. तो आकडा त्या एका भेटीत टिपलेल्या हायड्रोजन-हेलियमच्या टकरींचा आहे.